आईच्या डेकमधले नवे पत्ते

लॉकडाऊनमध्ये मी नोकरी करत होतो ती अंबडची कंपनी बंद होती आणि मी घरी डायनिंग टेबलवर दोन्ही बाजूंनी एकटाच पत्ते खेळत बसायचो. आई समोर बसून मटार सोलत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "तो डाव्या बाजूचा मूर्खासारखा खेळतोय."

"डाव्या बाजूलाही मीच आहे."

"मग ऊठ तिथून. मी बसते."

आई सिडकोतल्या शाळेत गणित शिकवायची. नुकतीच निवृत्त झाली होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि इंदिरानगरच्या घरात आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, दोन डाव खेळेल आणि कंटाळेल. पण त्या उन्हाळ्यात ती माझ्याकडून हरता हरता जिंकायला लागली आणि दिवाळीपर्यंत तिला हरवणं मला जड जाऊ लागलं.

हा खेळ रमीसारखा नाही. इथे एकच गड्डी दोघांत वाटत नाहीत. हजारो पत्त्यांतून प्रत्येकाने आपापले साठ निवडायचे, तो आपला डेक. खेळ काढणारी कंपनी दर काही महिन्यांनी नवे पत्ते काढते आणि वर्षातून एकदा सगळ्यात जुने पत्ते स्पर्धेतून बाद करते. त्याला रोटेशन म्हणतात. आणि सध्या सगळे कोणकोणते डेक खेळतायत, त्या हवेला म्हणतात मेटा. एखादा डेक जिंकायला लागला की महिन्याभरात सगळे त्याच्यावर तोड शोधून येतात, मग त्या तोडीवर दुसरी तोड. त्यामुळे डेक कधी पूर्ण होत नाही. सतत दोन पत्ते काढायचे, दोन घालायचे.

आईला हे फार आवडायचं. पत्त्यांवरची लांबलचक इंग्रजी नावं तिला भंपक वाटायची, म्हणून तिने चित्रं बघून स्वतःची नावं ठेवली होती. भाला घेतलेला राक्षस म्हणजे रखवालदार. पांढऱ्या दाढीचा जादूगार म्हणजे हेडमास्तर. आणि मधोमध निळं वर्तुळ असलेला तिचा लाडका पत्ता म्हणजे विहीर. विहीर मांडली की टाकून दिलेल्या पत्त्यांतला एक दर पाळीला परत हातात यायचा. तिचा सगळा डेक त्या विहिरीवर उभा होता. समोरच्याला थांबवायचं, थकवायचं, आणि त्याचे पत्ते संपले की आपण विहिरीतून उपसत राहायचं.

सगळं पुन्हा उघडल्यावर मी तिला कॉलेज रोडच्या कॅफेत घेऊन गेलो. आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, रविवारी सकाळी तिथे स्पर्धा असायची. बहुतेक इंजिनिअरिंगची मुलंमुली आणि माझ्यासारखे काही नोकरीवाले. आई सुती साडी, पर्स आणि चिवड्याचा डबा घेऊन आली. कॅफेचा मालक माझ्या कानात म्हणाला, "काकू बघायला आल्यात ना?" त्या दिवशी काकूंनी त्यालाच हरवलं.

ती मेटा वाचायची माणसांवरून. स्कूटरवरून उतरताना म्हणायची, "तो चष्मेवाला आहे ना, त्याची परीक्षा संपलीय. तो आता घाईत असणार. सुरुवातीलाच हल्ला करणारं काहीतरी आणेल." आणि जिन्यातच पर्स उघडून दोन पत्ते बदलायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं. एखाद्याला हरवल्यावर ती सोडून द्यायची नाही. "थांब, कुठे चुकलास ते दाखवते," म्हणून सगळा डाव उलटा मांडायची. मुलं खुर्च्या ओढून बघायला बसायची. एका वर्षी कॅफेची वार्षिक स्पर्धाही तिने जिंकली. बक्षिसाचा बॉक्स फोडून तिने सगळे पत्ते मुलांना वाटून टाकले.

मग रोटेशनमध्ये विहीर गेली.

"गेली म्हणजे? कोणी काढली?"

"कंपनीने. जुनी झाली होती. तेच तेच खेळून लोक कंटाळतात."

"मी नाही कंटाळले," आई म्हणाली. पण लगेच नव्या पत्त्यांची यादी मोबाईलवर बघायला बसली. तिच्या दुसऱ्या पत्त्यांचं असं आधीही झालं होतं आणि तिने दर वेळी डेक नव्याने उभा केला होता. मला काळजी नव्हती.

नव्या पत्त्यांत एक तळं होतं. तेही निळं, तेही गोल. पण तळ्याचं काम वेगळं होतं. आपल्या गड्डीवरचा वरचा पत्ता चोरून बघायचा, एवढंच. आईने ते डेकमध्ये घातलं. पाच-सहा रविवारांनंतर मी शेजारच्या टेबलावर माझा डाव आटपून तिच्याकडे बघत होतो. तिने तळं मांडलं आणि शांतपणे टाकलेल्या पत्त्यांतला एक उचलून हातात घेतला. समोर इंजिनिअरिंगची एक मुलगी होती. तिने तो पत्ता पाहिला, आईकडे पाहिलं, आणि काही न बोलता आपली पाळी खेळली.

डाव संपल्यावर मी त्या मुलीला जिन्यात गाठलं. "तू बोलली का नाहीस?"

ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "दादा, काकूंना कसं सांगणार? आणि हे पहिल्यांदा नाही झालेलं. आम्ही सगळेच सोडून देतो."

सगळेच. मी वर आलो तेव्हा आई कुणाला तरी चिवडा देत होती आणि तो मुलगा जरा जास्तच हसून थँक्यू म्हणत होता. गेले कित्येक रविवार ही मुलं तिला सांभाळून घेत होती आणि मला पत्ता नव्हता.

मी तिला गंगापूर रोडवरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. आईने ते इतक्या झपाट्याने केलं की डॉक्टरांना मधे थांबवावं लागलं. मला हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "मघाशी मी तीन शब्द सांगितले होते, आठवतात?"

 आई माझ्याकडे वळून म्हणाली, "कधी सांगितले?"

तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो झाले. आईला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "जुनं बराच काळ टिकेल. नवं बसणार नाही. बसलं तरी राहील याची खात्री नाही."

घरी येताना सगळे रस्ते सिंहस्थासाठी खोदलेले होते. स्कूटर वळवत वळवत मी एकच विचार करत होतो. नवं बसणार नाही, आणि या खेळात दर तीन महिन्यांनी सगळं नवं. मग असा डेक बांधायचा ज्यात नवं कमीत कमी असेल. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, पण माझ्या डोक्यात तो डेकचा प्रश्न होऊन बसला. डेकचे प्रश्न मला सोडवता यायचे.

डॉक्टरांनी आणि मी आईला सांगितलं ते तिने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे विसरणार मी," ती म्हणाली. "बरं. रविवारचं बंद नाही करायचं." तेवढंच.

मी कामाला लागलो. रोटेशनमधून वाचलेले, तिला पाठ असलेले पत्ते आधी बाजूला काढले. रखवालदार होता, हेडमास्तर होता. त्यांच्याभोवती नवे मोजकेच पत्ते घातले आणि निळं, गोल असं काहीही ठेवलं नाही. पण त्या जुन्या पत्त्यांना आता कोणी भीत नव्हतं. मेटा वेगवान झाला होता. हेडमास्तर मैदानात यायच्या आत आई हरलेली असायची. चार रविवार ती एकही डाव जिंकली नाही. पाचव्या रविवारी साडी नेसून तयार झाली आणि म्हणाली, "आज नको. पाय दुखतायत." तिचे पाय दुखत नव्हते.

मग मी उलटा विचार केला. वेगवान मेटा आहे तर तिलाही वेगवान डेक देऊ. हल्ला, हल्ला, हल्ला. त्यात आठवायला काही नसतं. पत्ता हातात आला की मांडायचा आणि पुढे ढकलायचा. आईला तो डेक मुळीच आवडला नाही. "हे काय, बैलगाडा शर्यत आहे का?" पण मी रोज कंपनीतून आलो की चहा घेता घेता आम्ही तोच खेळायचो. तेच पत्ते, त्याच क्रमाने. ती चुकली की मी पत्ता मागे घेऊन पुन्हा द्यायचो. तिने हजारो मुलांना जसे पाढे घोकायला लावले असतील, तसंच मी तिला घोकायला लावत होतो. तिला ते कळत होतं. एकदा म्हणाली, "तू वाईट मास्तर आहेस. फार लवकर चिडतोस." मी चिडलो नव्हतो. मला भीती वाटत होती आणि ती चेहऱ्यावर तशी दिसत असावी.

पावसाळा संपता संपता तो डेक तिच्या हातात बसला. खरंच बसला. एका रविवारी तिने सलग तीन डाव जिंकले आणि या वेळी कोणी काही सोडलं नव्हतं, कारण सोडण्यासारखं काही झालंच नव्हतं. आम्ही खाली मिसळ खायला गेलो. ती पावाचा तुकडा मोडत म्हणाली, "कळलं मला. आधी मारायचं." मी डॉक्टरांना फोन करून सांगायच्या बेतात होतो. काय सांगणार होतो कोण जाणे.

पण मी जे ओळखलं तेच बाकीच्यांनीही ओळखलं होतं. वेगवान डेक जिंकतायत म्हटल्यावर दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांनी भिंती आणल्या. पहिल्याच पाळीला मोठी ढाल, मागोमाग दुसरी. आईचे पत्ते जाऊन त्या भिंतीवर आपटायचे आणि मरायचे. आई पुन्हा तेच करायची. पत्ता मांडायचा, पुढे ढकलायचा. तिचा एकामागून एक पत्ता मरत होता आणि ती थांबत नव्हती, कारण थांबायचं मी तिला शिकवलंच नव्हतं. भिंत दिसली की थांबावं, वाट बघावं, हे तिला दोन वर्षांपूर्वी माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ते मीच घोकंपट्टी करून पुसून टाकलं होतं, की आजाराने पुसलं होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येत नाही.

मी भिंतीला वळसा घालून जाणारे चार नवे पत्ते घातले. ते तिला बसेनात. रोज संध्याकाळी पहिल्यापासून सुरुवात. "हा कोण?" "हा भिंतीवरून उडी मारतो." "बरं." दुसऱ्या दिवशी, "हा कोण?" शेवटी मी मराठीत चिठ्ठ्या लिहून पत्त्यांच्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत सरकवल्या. उडी मार. थांब. कॅफेच्या मालकाने त्या पाहिल्या आणि मला बाजूला घेतलं. "रविवारी चालेल रे. पण वार्षिक स्पर्धेत नाही चालणार. बाहेरगावची पोरं येतात. नियम आहे."

"मग ती नाही खेळणार."

"तू त्यांना सांग," तो म्हणाला. त्याला माहीत होतं की मी सांगू शकणार नाही. कॅफेच्या भिंतीवरच्या फोटोत आई तिने जिंकलेल्या स्पर्धेचा करंडक घेऊन उभी होती आणि दर रविवारी ती त्याच्याखाली बसायची.

वार्षिक स्पर्धेला ती खेळली. चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या. पहिली फेरी तिची मालेगावहून आलेल्या एका पोराशी लागली. सकाळच्या एसटीने आलेला, दाढी कोवळी, पत्ते नीट रुमालात गुंडाळलेले. तो आईला ओळखत नव्हता. खेळ सुरू व्हायच्या आधी त्याने अदबीने सलाम केला. मी नियमाप्रमाणे मागे, बघणाऱ्यांत उभा होतो. बघणाऱ्याने बोलायचं नाही. डोळ्यांनी, हातांनी, कशानेही खुणवायचं नाही. खुणवलं तर खेळणारा बाद.

त्यानेही भिंत आणली होती. आई थांबली. मला आशा वाटली. मग तिने हातातून एक पत्ता मांडला. मी घातलेल्यांपैकीच एक नवा पत्ता, आणि त्याच्या कोपऱ्यात निळा चंद्र होता. एवढासा. तो माझ्या नजरेतून सुटला होता. तिने तो मांडला, टाकलेल्या पत्त्यांकडे हात नेला आणि एक उचलला.

"आंटी, सॉरी," तो पोरगा म्हणाला, "या कार्डने ते होत नाही."

"होतं," आई म्हणाली. "विहीर आहे ही."

"कौनसी विहीर?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याला वाटलं आपलंच काही चुकतंय. त्याने हात वर करून पंचाला बोलावलं. पंच म्हणजे कॅफेचा मालकच. तो आला, वाकला, पत्ता वाचला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, यात तसं नाहीये. तो पत्ता परत ठेवावा लागेल."

आई ताठ झाली. "मी हा पत्ता दोन वर्षं खेळतेय. मला शिकवू नकोस."  मग तिने मान वळवली आणि गर्दीतून मला शोधलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फळ्यावर उदाहरण सोडवताना मधेच एखाद्या हुशार मुलाला विचारावं, तसं तिने मला विचारलं, "विहीरच आहे ना रे ही?"

मी बोललो असतो तर ती बाद झाली असती. एवढं एक कारण माझ्याकडे होतं आणि ते खोटं नव्हतं. पण बोलायला परवानगी असती तरी मी काय म्हटलं असतं? मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. मानही हलवली नाही. ती वाट बघत राहिली. मग तिने समोर पाहिलं, उचललेला पत्ता जागेवर ठेवला, अगदी सरळ करून ठेवला, आणि त्या पोरापुढे हात केला.

"तू जिंकलास. छान खेळतोस."

"आंटी, अजून डाव आहे," तो म्हणाला.

"नाही. झाला."

स्कूटरपाशी आम्ही हेल्मेट घालत होतो तेव्हा तो पोरगा जिना उतरून धावत आला. त्याला वर कोणीतरी सांगितलं असावं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाई, मुझे मालूम नहीं था. कसम से." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आई म्हणाली, "अरे, तू बरोबर होतास. रडतोस कशाला? जा, तुझी दुसरी फेरी लागेल."  घरी पोचल्यावर लिफ्टमध्ये ती म्हणाली, "आता मला तिथे नेऊ नकोस."

मी नेलं नाही.

घरी तिचा जुना डेक होता, विहिरीचा. कॅफेत बाद झाला असला तरी आमच्या डायनिंग टेबलावर कोण बाद करणार? मी माझाही त्याच काळातला डेक बाहेर काढला आणि त्याच जुन्या वर्षात आम्ही दोघं परत खेळायला बसलो. पहिल्या दिवशी तिने मला सपशेल हरवलं. डॉक्टर म्हणाले होते तसं जुनं शाबूत होतं. विहीर मांडली, उपसली, मला दमवलं, आणि वर "थांब, कुठे चुकलास दाखवते" म्हणून डाव उलटा मांडला. मला वाटलं, इथे राहता येईल. इथे नवे पत्ते येत नाहीत, मेटा बदलत नाही.

काही महिने राहता आलं. मग ती विहिरीतून दोन दोन पत्ते उचलायला लागली. मग कधी उचलायचं विसरायला लागली. आता हरायला लागली ती जुन्यातच. मी मुद्दाम हरून बघितलं. तिने पत्ते टेबलावर ठेवले. "माझ्या वर्गात नापास होणाऱ्या मुलाला मी कधी उगाच पास केलं नाही. तू काय करतोयस?" बाकी काहीही निसटलं तरी कोणी मुद्दाम चुकलेलं तिला ताबडतोब कळायचं.

म्हणून मी पुन्हा डेक बांधायला बसलो. या वेळी माझा. असा डेक, जो मी जीव तोडून खेळलो तरी तिच्याकडून हरेल, किंवा हरायच्या जवळ जाईल. तिला गोंधळात टाकणारे पत्ते आधी काढले. एकाच वेळी दोन गोष्टी करणारे काढले. तिच्या पाळीत मधेच आड येणारे काढले. दर आठवड्याला तिला काय जमतं, काय सुटलं ते बघायचं आणि त्याप्रमाणे माझे पत्ते बदलायचे. पूर्वी कॅफेतल्या वीस-पंचवीस जणांसाठी मी हे करायचो, आता एकटीसाठी. आणि ही हवा एकाच दिशेने वाहते. काढलेला पत्ता पुन्हा कधी घालावा लागला नाही.

आत्ता माझ्या डेकमध्ये फक्त साधे सैनिक उरलेत. कुणाच्या अंगी काही करामत नाही, नुसते आकडे. मोठा आकडा लहान आकड्याला मारतो, एवढाच खेळ. आकडे तिला अजून कळतात. गेल्या आठवड्यात मात्र माझ्या पाचसमोर तिने तीन ठेवला आणि माझा पत्ता उचलून बाजूला केला. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती.

"आई, पाच मोठा आहे."

"हो का?" ती म्हणाली. तिने दोन्ही पत्ते हातात घेऊन पाहिले, उलटे करून पाहिले. मग दोन्ही मला देऊन टाकले. "तू सांगशील तसं."

परवा मी माझे साठ पत्ते टेबलावर पसरून बसलो होतो. आता यातून काय काढायचं, हे मला सुचत नव्हतं. आई आतून आली, समोरची खुर्ची ओढून बसली आणि हात पुढे केला. मी तिची गड्डी तिच्या हातात दिली. तिचे हात अजून छान पिसतात, कुठेही अडकत नाहीत. तिने पिसले, पुन्हा पिसले, आणि पिसतच राहिली. मी माझे पत्ते गोळा करून तिची वाट बघत बसलो.